कियोशी कुरोसावाचे भयपट खरंच भीतीदायक आहेत का? पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

भयपट आवडतात असं चारचौघांत बोललं की कोणीतरी हमखास म्हणतं, "मग 'काइरो' बघ, झोप उडेल." मला हे माझ्या मावसभावाने सांगितलं होतं. 'काइरो' म्हणजे जपानी दिग्दर्शक कियोशी कुरोसावाचा भयपट. मी रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून, मोबाइलवर, एकाच कानात इअरफोन घालून तो लावला आणि पाऊण तासात गाढ झोपले. सकाळी त्याला कळवलं, "दादा, झोप उडाली नाही, लागली." त्यावर त्याचा एकच प्रश्न आला, "मोबाइलवर बघितलास?"

मोबाइलवरच बघितला होता. शिवाय चुकीच्या वेळी, चुकीच्या क्रमाने आणि भलतीच अपेक्षा ठेवून. त्यानंतर दोन वर्षं मी या दिग्दर्शकाच्या वाटेला गेले नाही. मग एकदा 'क्युअर' नीट बघितला आणि तिथून पुढे त्याचे जवळपास सगळे भयपट संपवले, काही दोनदा, 'क्युअर' चारदा. तुम्ही कियोशी कुरोसावाबद्दल बरंच ऐकलं असेल आणि आता सुरुवात करायची असेल, तर माझी ती दोन वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

भीती वाटते का, याचं उत्तर आधीच देऊन टाकते. वाटते. पण सगळ्या चित्रपटांत नाही, आणि बघत असताना जितकी वाटते त्याहून जास्त नंतर वाटते. हे 'नंतर' नीट यायचं असेल तर आधी थोडी तयारी लागते.

## १. माणूस आणि चित्रपट नीट ओळखा

कुरोसावा म्हटलं की बहुतेकांना जुना जपानी दिग्दर्शक अकिरा आठवतो. सामुराई, धो धो पाऊस, घोडे. हा तो नव्हे, त्याचा नातेवाईकही नव्हे. कियोशीचा जन्म १९५५चा, कोबे शहरातला. १९८०च्या दशकापासून तो चित्रपट करतोय, आणि मधली बरीच वर्षं त्याने थेट व्हिडिओ बाजारासाठी गुंडांचे स्वस्तातले चित्रपट भराभर काढण्यात घालवली. जगाला तो माहीत झाला १९९७च्या 'क्युअर'मुळे. २०२०च्या 'वाइफ ऑफ अ स्पाय'साठी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला. तो भयपट नाही, त्यामुळे आपल्या कामाचा नाही.

खरा सापळा पुढे आहे. 'काइरो' हा २००१चा जपानी चित्रपट. इंग्रजीत त्याला 'पल्स' म्हणतात. २००६ मध्ये हॉलिवूडने त्याची नक्कल काढली, तिचंही नाव 'पल्स'. शोधपेटीत नुसतं 'पल्स' टाकून समोर येईल ते लावणारे किती तरी लोक ही नक्कल बघतात आणि "कुरोसावा म्हणजे हेच का?" असं विचारत फिरतात. लावण्याआधी साल, भाषा आणि लांबी बघा: २००१, जपानी, ११८ मिनिटं. पडद्यावर अमेरिकन कॉलेजातली पोरं दिसायला लागली तर तिथेच बंद करा.

## २. कुठली भीती हवी आहे ते ठरवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळंच फिसकटतं.

मराठीत भीतीला एक शब्द नाही, ढीगभर आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दचकणं वेगळं. किळस येणं वेगळं. धडकी भरणं वेगळं, धास्ती घेणं आणखी वेगळं. चित्रपट बघून आल्यावर "भीती वाटली का?" असं विचारलं की यातलं नेमकं काय विचारलंय हेच कळत नाही. दोन माणसं एकाच चित्रपटावर तासभर भांडतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

दचकायचं असेल तर कुरोसावाकडे जाऊ नका. शांतता, मग अचानक कानठळ्या बसवणारा आवाज, आणि पडद्यावर चेहरा, हा प्रकार त्याच्याकडे जवळपास नाहीच. दचकणं हे शरीराचं काम. कोणी मागून येऊन फुगा फोडला तरी आपण दचकतो, आणि दोन सेकंदांनी हसतो.

किळसही फारशी मिळणार नाही. खून आहेत, तेही भरपूर, पण बरेचदा ते लांबून दिसतात, रस्त्याच्या पलीकडून बघावेत तसे. धडकी भरवणाऱ्या जागा आहेत. सगळे चित्रपट मिळून मोजल्या तर सात-आठ निघतील, आणि त्या विसरता येत नाहीत.

मग त्याच्याकडे आहे काय? मला यासाठी एकच शब्द नेमका वाटतो: अभद्र. सगळं जागच्या जागी असतं, उजेड असतो, माणसं साधं बोलत असतात, आणि तरीही काहीतरी बिघडलंय हे कळतं. 'क्युअर'मधलं एक उदाहरण देते, त्याने कथा फुटत नाही. नायक पोलिस अधिकारी आहे, त्याच्या बायकोची मनःस्थिती ठीक नाही. तो घरी येतो तर कपडे धुवायचं यंत्र चालू असतं. आत काहीच नाही. कपडे नाहीत, नुसतंच रिकामं घरघरतंय. तो जाऊन ते बंद करतो. एवढंच. संगीत नाही, बायकोच्या चेहऱ्यावर कॅमेरा जात नाही, नवरा एक शब्द बोलत नाही. हे यापूर्वीही अनेकदा झालंय आणि तो अनेकदा असाच उठून बंद करत आलाय, हे त्याच्या चालीवरून समजतं. मला त्या चित्रपटातल्या कुठल्याही प्रेतापेक्षा हे यंत्र जास्त आठवतं.

'क्युअर'ची कल्पना कुरोसावाला टीव्हीवरच्या बातम्या बघताना सुचली. कोणी खून करून पकडला जातो, आणि शेजारीपाजारी कॅमेऱ्यासमोर सांगतात की माणूस चांगला होता हो, अगदी साधा. आपण अशा वेळी म्हणतो की शेजाऱ्यांना कळलं नसेल, आत राक्षस लपला असेल. कुरोसावाला उलट प्रश्न पडला: शेजारी खरं बोलत असतील तर? माणूस खरोखरच साधा असेल तर?

ही भीती तुम्हाला नको असेल तर त्यात कमीपणा काही नाही. शुक्रवारी रात्री मित्रांबरोबर आरडाओरडा करत बघायला दुसरे उत्तम भयपट आहेत. तुमचा वेळ वाचला.

## ३. काय काय लागेल

- मोठा पडदा. टीव्ही किंवा मॉनिटर. तेही नसेल तर लॅपटॉप, पण मांडीवर नको, टेबलावर समोर. कुरोसावा माणसांना लांबून आणि पूर्ण उंचीत दाखवतो. मोबाइलवर मागच्या दारातली आकृती मुगाएवढी दिसते, म्हणजे दिसतच नाही.
- अंधार. याच्या चित्रपटांतलं काळं खरोखर काळं असतं. खिडकीतून उजेड आला की पडद्यात तुमचंच तोंड दिसतं.
- टीव्हीची सेटिंग. 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' बंद करा, 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' लावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय (मोशन स्मूदिंग) आवर्जून बंद करा. आमच्या टीव्हीवर ती चालू राहिली होती आणि भूत दुपारच्या मालिकेतल्या सासूसारखं चालत आलं.
- दोन्ही कानांना हेडफोन, किंवा बरे स्पीकर. का, ते पाचव्या पायरीत.
- चांगली प्रत. फार दाबलेल्या व्हिडिओत अंधारे कोपरे चौकोन-चौकोन होऊन फुटतात, आणि या माणसाचं अर्धं काम कोपऱ्यांतच चालतं.
- माणसाने केलेली सबटायटल्स. यंत्राने आपोआप तयार केलेली नकोत. डबिंग तर नकोच. 'क्युअर'मधला एक तरुण ज्या सपाट, किंचित कंटाळलेल्या आवाजात बोलतो त्यातच निम्मी भीती आहे.
- सलग दोन तास. मध्ये उठायचं नाही. आज अर्धा, उद्या अर्धा असंही नाही.
- सोबत जास्तीत जास्त एक माणूस. आणि तो विनोद करणारा नसावा.

न लागणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर मोबाइलचा. दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरा नंबर दीडपट वेगाचा. हसू नका, मी दोन माणसं ओळखते ज्यांनी 'क्युअर' दीडपट वेगाने बघून तो "बरा आहे" असं सांगितलं. त्याची लय हीच त्याची करणी आहे. ती पळवली तर उरतो एक पोलिसी तपास, तोही अर्धवट सुटलेला.

आणि एक मोठा सापळा: 'काइरो'तल्या भुताचं दृश्य 'सर्वांत भीतीदायक दृश्यं' अशा याद्यांमध्ये सुटं बघायला मिळतं. बघू नका. आधीचा अर्धा तास त्या दृश्यासाठी तुमचे कान आणि डोळे तयार करत असतो. सुटं बघाल तर हळू चालणारी एक बाई दिसेल, आणि मग मूळ चित्रपटात ती आली की तुम्ही म्हणाल, हां, हीच ती.

## ४. कुठल्या क्रमाने बघायचे

माझा क्रम सालावार नाही.

पहिला 'क्युअर' (१९९७, १११ मिनिटं). शहरात खून होताहेत. प्रत्येक प्रेतावर फुलीच्या आकाराचा वार, पण खुनी दर वेळी वेगळा. पकडले गेलेले लोक गुन्हा कबूल करतात, फक्त का केला ते त्यांना सांगता येत नाही. या सगळ्यांना आधी एक तरुण भेटलेला असतो, ज्याला स्वतःबद्दल काही आठवत नाही आणि जो समोरच्याला प्रश्न विचारत राहतो. कोजी याकुशो पोलिसाच्या भूमिकेत आहे आणि तो काय करतो हे बघायला चित्रपट दुसऱ्यांदा लावावा लागतो. भूत नाही, त्यामुळे भुतांवर विश्वास नसणाऱ्यांनाही सबब नाही. याने सुरुवात करा. हा आवडला नाही तर पुढचे आवडण्याची शक्यता कमी.

दुसरा 'सेआन्स' (२०००). टीव्हीसाठी केलेला, लहानसा. पुन्हा याकुशो, या वेळी आवाज ध्वनिमुद्रित करणारा तंत्रज्ञ. त्याच्या बायकोला मेलेली माणसं दिसतात. 'काइरो'त शिरण्याआधी कुरोसावाचं भूत कसं असतं हे इथे कळतं: ते ओरडत नाही, अंगावर धावत नाही, खोलीत असतं. उपाहारगृहातलं दृश्य नीट बघा.

तिसरा 'काइरो' (२००१). याला वेगळी पायरी दिली आहे.

चौथा 'क्रीपी' (२०१६, १३० मिनिटं). शेजारी विचित्र आहे, बस. तेरुयुकी कागावाने तो शेजारी असा केलाय की तो नुसता जास्त जवळ उभा राहिला तरी मागे सरकावंसं वाटतं. उत्तरार्धात माणसं इतकी मूर्खासारखी वागतात की मला चीड आली. पहिला तास मात्र पक्का.

पाचवा 'चाइम' (२०२४, ४५ मिनिटं). मिनिटामागे किती भीती, असा हिशेब मांडला तर हा पहिला येईल. स्वयंपाकाच्या वर्गात एक विद्यार्थी शिक्षकाला सांगतो की त्याला घंटेचा आवाज ऐकू येतो. याहून जास्त सांगत नाही. छोटा आहे म्हणून सुरुवात यानेच करावी असं वाटेल, पण करू नका. त्याची भाषा आधीच्या चित्रपटांत शिकलेली असली तरच तो अंगावर येतो, नाहीतर "हे काय होतं?" एवढंच उरतं.

'रेट्रिब्यूशन' (२००६) मधे कधीही बघा. लाल पोशाखातल्या बाईचं भूत आहे. ते एकदा चक्क दारातून बाहेर पडून आकाशात उडून जातं. मला हसू आलं, आणि पंधरा मिनिटांनी आपण हसलो याचं वाईट वाटलं. 'लॉफ्ट' (२००५) सोडून दिलात तरी चालेल. 'क्लाउड' (२०२४) भयपट म्हणून लावलात तर फसाल. तो ऑनलाइन वस्तू चढ्या भावाने विकणाऱ्या तरुणाचा आहे आणि शेवटी गोळीबारावर जातो. १९८९चा 'स्वीट होम' हा झपाटलेल्या वाड्याचा रीतसर खेळ. त्यावरून त्याच नावाचा व्हिडिओ गेम निघाला आणि त्या गेमच्या पोटी पुढे 'रेसिडेंट ईव्हल' आला. इतिहास म्हणून गंमत आहे, पण चित्रपट कुरोसावाचाच असला तरी आपण ज्या भीतीबद्दल बोलतोय तिच्याशी त्याचा फार संबंध नाही.

## ५. बघताना नजर कुठे ठेवायची

बोलणाऱ्या माणसाकडे बघत राहायची आपली सवय असते. ती थोडी मोडा.

कुरोसावाचा कॅमेरा बरेचदा लांब, स्थिर आणि रुंद असतो. चौकटीत बोलणारी दोन माणसं आणि त्यांच्याभोवती बरीच रिकामी जागा. उघडं दार. अर्धपारदर्शक प्लास्टिकचा पडदा. जिना. दुसऱ्या खोलीचा एक तुकडा. नवा प्रेक्षक माणसांकडे बघतो आणि म्हणतो, काहीच घडत नाहीये. जुना प्रेक्षक दाराकडे बघत असतो. गंमत अशी की दहापैकी नऊ वेळा दारात काहीच येत नाही. पण एकदा येतं, आणि मग पुढच्या सगळ्या दारांकडे तुम्ही आपणहून बघायला लागता. त्याने काही न करता.

'क्युअर'मध्ये एका पोलिस चौकीबाहेरचं दृश्य आहे. भर दिवस, शांत रस्ता, दोन पोलिस. कॅमेरा लांब. एक आपल्या कामात, दुसरा आपल्या. जे होतं ते कचरा टाकावा इतक्या सहजतेने होतं, आणि कॅमेरा जवळ जात नाही. जवळचा शॉट हे प्रेक्षकाला दिलेलं एक आश्वासन असतं: आता महत्त्वाचं घडतंय, आता घाबरायला हरकत नाही. कुरोसावा ते देत नाही. घाबरायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं, आणि ठरवेपर्यंत उशीर झालेला असतो.

आवाजाचंही तसंच. त्याच्याकडे संगीत कमी आणि घरघर जास्त. पंखे, यंत्रं, वारा, दूरवरची वाहनं, दिव्याची गुणगुण. हेडफोन यासाठी. एखाद्या दृश्यात अस्वस्थ वाटायला लागलं आणि कारण सापडत नसेल, तर कान द्या. बहुधा खाली एक आवाज चालू असतो, आणि तो कधी सुरू झाला ते तुम्हाला आठवणार नाही.

एक सूचना चुका शोधणाऱ्यांसाठी. 'क्युअर'मध्ये नायक बसने जातो तेव्हा खिडकीबाहेर रस्ता दिसत नाही, ढग दिसतात. बस जणू आकाशातून चाललीये. पहिल्यांदा मला वाटलं, पैसे संपले असणार. मुद्दाम केलेलं आहे. त्याच्या चित्रपटांत वाहनाच्या खिडकीबाहेरचं जग बरेचदा असं खोटं, मागे पडद्यावर टाकलेलं दिसतं. याला नाव ठेवून पुढे जाऊ नका, क्षणभर थांबा. गाडीतला माणूस नक्की कुठे चाललाय?

## ६. 'काइरो'साठी वेगळी तयारी

आधी इशारा, आणि तो गांभीर्याने घ्या. 'काइरो'त आत्महत्या आहेत, एकाहून जास्त, आणि त्यातली एक न कापता एका शॉटमध्ये दाखवली आहे. सगळा चित्रपटच एकटेपणाबद्दल आहे आणि तो धीर देत नाही. सध्या तुमचं मन ठीक नसेल तर पुढे ढकला. चित्रपट कुठे पळून जात नाही.

दुसरं, हा २००१चा इंटरनेट आहे हे लक्षात ठेवा. फोनच्या तारेतून, मोडेम किरकिरत जोडला जाणारा. एक विद्यार्थी घरी संगणक जोडतो, इंटरनेट नीट समजतही नसतं, आणि पडद्यावर आपोआप एक पान उघडतं: तुम्हाला भुताला भेटायचंय का? वयाने लहान असलेल्यांना मोडेमचा आवाज आणि फ्लॉपी डिस्क बघून हसू येतं. हसून घ्या, पहिल्या वीस मिनिटांत. त्यानंतर ठिपक्यांचा तो प्रोग्राम येतो, ज्यात दोन ठिपके फार जवळ आले तर मरतात आणि फार लांब गेले तर पुन्हा एकमेकांकडे ओढले जातात. तिथून पुढे मला तरी हसता आलं नाही. आज आपण ज्या वस्तूला दिवसभर चिकटून असतो तिच्याबद्दल त्याने हे फ्लॉपीच्या काळात सांगितलंय.

आता ते भूत. तुकडा बघू नका म्हटलं, पण एक गोष्ट सांगितल्याने बिघडत नाही. लांब, अंधाऱ्या खोलीच्या टोकाला एक बाई उभी असते. ती चालायला लागते. सावकाश, सरळ, समोरच्या तरुणाकडे. आणि मधेच तिचा पाय मुडपतो. तोल जातो, शरीर एका बाजूला खाली झुकतं, इतकं की आता पडणार, आणि ती सावरते. मग चालत राहते. मी हे पाच-सहा वेळा बघितलंय आणि दर वेळी ती सावरते तेव्हा माझा श्वास अडकतो. पडली असती तर बरं वाटलं असतं. जिवंत माणूस अडखळला तर आपल्याला त्याचं वजन कळतं. तिच्या अडखळण्यात वजनच नाही, जणू चालायचं कसं हे तिला फक्त ऐकून माहीत आहे. पुढे तो तरुण सोफ्याच्या आडोशाला जातो, आणि कॅमेरा आपल्यालाही त्याच्याबरोबर तिथे खाली बसवतो.

त्या दृश्यानंतरचा 'काइरो' भीतीदायक राहत नाही, असं माझं मत आहे. तो उदास होत जातो. उत्तरार्ध रेंगाळतो, आणि शेवटाकडची संगणकावर केलेली दृश्यं आता कच्ची दिसतात. त्याचे भक्त हे मान्य करत नाहीत. तुम्ही करा, आणि तरीही शेवटपर्यंत बघा.

## ७. दुसऱ्या दिवशी स्वतःला तपासा

चित्रपट संपल्या संपल्या "भीती वाटली का?" याचं उत्तर देऊ नका. लगेच कुठे परीक्षणं वाचायलाही जाऊ नका. शेवटाचा अर्थ समजावून सांगणारे लेख तर आठवडाभर लांब ठेवा. 'क्युअर'चा शेवट काही सेकंदांत होऊन जातो आणि पहिल्यांदा बघताना तो माझ्या हातून निसटलाच. निसटला तर मागे नेऊन पुन्हा लावा. ती फसवणूक धरली जात नाही.

मग दिवस जाऊ द्या, आणि बघा काय उरतं.

माझ्यापुरतं सांगते. 'क्युअर'मधला तो तरुण समोर येईल त्याला विचारत राहतो: तू कोण? माणूस नाव सांगतो, हुद्दा सांगतो, आणि तो पुन्हा तेच विचारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले होते. फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर पलीकडून नेहमीचा, थोडा घाईतला आवाज, "हॅलो, कोण बोलतंय?" रोज चार लोक हेच विचारतात. मी तोंड उघडलं आणि दोन-तीन सेकंद मला काहीही बोलता आलं नाही. नाव आठवत नव्हतं असं नाही. नाव सांगून चालेल का, हे कळेना. त्या माणसाने "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला.

हे असं काही झालं, तर चित्रपट भीतीदायक आहे. तीन-चार दिवसांत काहीच झालं नाही, तर तुमच्यासाठी नाही. वाद घालायची गरज नाही.

## ८. तरीही काही वाटलं नाही तर

आधी तिसरी पायरी प्रामाणिकपणे तपासा. मोबाइल खरंच दुसऱ्या खोलीत होता का?

होता, तर एकच संधी आणखी द्या: 'चाइम'. पंचेचाळीस मिनिटंच जातील. हा दिवसा बघितला तरी चालतो, किंबहुना दिवसाच बघा, कारण त्यातलं बरंचसं स्वच्छ, चकचकीत उजेडात घडतं आणि अंधाराची सबब राहत नाही.

तोही वाया गेला तर कुरोसावाचे भयपट सोडा आणि 'टोकियो सोनाटा' (२००८) लावा. हा भयपट म्हणून कुठेच नोंदलेला नाही, भूत नाही, खून नाही. एका बापाची नोकरी जाते. तो घरी सांगत नाही. रोज सकाळी सूट चढवतो, बॅग घेतो, निघतो. कॅमेरा तसाच लांब, घराची दारं तशीच उघडी, घरातल्या माणसांमधली रिकामी जागा तशीच. कान्स महोत्सवाच्या 'अं सर्तें रगार' विभागात त्याला परीक्षकांचं पारितोषिक मिळालं होतं.

मला 'काइरो' बघ म्हणून सांगणाऱ्या मावसभावाकडे गेल्या वर्षी मी हा घेऊन गेले. ते भूत चालत येतं तेव्हा कांदाभजी खात बसणारा माणूस तो. चाळीस मिनिटांनी त्याने रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "हा नको. दुसरं काहीतरी लाव."